आधी तीस दिवसांत साक्ष घ्या: बालअत्याचाराच्या खटल्यांबाबत महाराष्ट्र शासनास खुले पत्र

प्रति,
मा. मुख्यमंत्री, तसेच गृह, विधी व न्याय, महिला व बालविकास, सार्वजनिक आरोग्य आणि शालेय शिक्षण विभाग,
महाराष्ट्र शासन, मुंबई.

महोदय, महोदया,

लहान मुलावर अत्याचार झाल्याची बातमी येते, लोक रस्त्यावर उतरतात आणि दोन दिवसांत सरकारची घोषणा होते: आरोपीला फाशी, कायदा आणखी कडक, खटला जलदगती न्यायालयात. लोकांचा संताप खरा असतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण कायदा आणखी कडक करायला आता जागाच उरलेली नाही, हे आपल्या विधी विभागाला ठाऊक आहे. ते लोकांना कोणी सांगत नाही, म्हणून हे पत्र उघड लिहीत आहोत.

पोक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कलम ४ खालची किमान शिक्षा सात वर्षांवरून दहावर नेली. मूल सोळा वर्षांखालचे असेल तर किमान वीस वर्षे. अत्याचार करणारा नातेवाईक, शिक्षक, पोलीस किंवा संस्थेतला कर्मचारी असेल, किंवा मूल बारा वर्षांखालचे असेल, तर कलम ६ लागते. त्यात किमान वीस वर्षे, त्याहून पुढे मरेपर्यंत तुरुंगवास आणि फाशीचीही तरतूद आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बारा वर्षांखालच्या मुलीवरील बलात्काराला पुन्हा हीच शिक्षा आहे. यावर कडी म्हणून आपल्या विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये महिला व बालकांवरील अत्याचारांना फाशीपर्यंतची शिक्षा सुचवणारे शक्ती विधेयक मंजूर केले. त्याचा कायदा झाला नाही. झाला असता तरी खाली लिहिलेल्या अडचणींपैकी बहुतेक तशाच राहिल्या असत्या, असे आमचे मत आहे.

देशात बालकांविरुद्धचे नोंदलेले गुन्हे २०२२ मध्ये १,६२,४४९ होते, २०२३ मध्ये १,७७,३३५ झाले. यात अपहरणाचे गुन्हेही येतात. पोक्सोचा वाटा चाळीस टक्क्यांच्या आसपास आहे. लोक गप्प बसण्याऐवजी ठाण्यात येऊ लागले, हेही या वाढीमागचे एक कारण आहे आणि त्याचे स्वागतच करायला हवे. पण याच राष्ट्रीय आकडेवारीतली दुसरी गोष्ट शिक्षेच्या चर्चेत कधी येत नाही. नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो: शेजारी, मामा, सावत्र बाप, शिकवणीचा सर, कधी सख्खा बापच. तक्रार करायची की नाही हे त्या घरात ठरते, आणि त्या घरात 'फाशी' हा शब्द काय करतो हे पाहायला हवे. आजी म्हणते, त्याला फासावर चढवशील का? आई म्हणते, घर कोण चालवील? मूल विचार करते की माझ्यामुळे काकाला मारणार. शिक्षा जेवढी टोकाची, तेवढा मुलावर जबाब फिरवण्याचा दाब जास्त. शिवाय बलात्कार आणि खून या दोन्हींची कमाल शिक्षा एकच झाली की एकुलता एक साक्षीदार जिवंत ठेवण्याचे आरोपीला कारण राहत नाही.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की शिक्षेच्या आकड्याला हात लावू नका, ती शिक्षा लागेपर्यंतचा रस्ता दुरुस्त करा. तो कुठे खचतो ते क्रमाने सांगतो.

पहिली जागा ठाणे अंमलदाराचे टेबल. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुकल्या मुलींच्या प्रकरणात पालकांना ठाण्यात कित्येक तास ताटकळत बसवले गेले. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले ते त्या संतापातून. नंतर मुख्य आरोपी पोलिसांच्या ताब्यात असताना २३ सप्टेंबरला गोळीबारात मेला, त्याच्यापुरता खटला तिथेच संपला आणि त्याच्याविरुद्धचा पुरावा न्यायालयात उलटतपासाला कधी उतरलाच नाही. अनेकांना तो न्याय वाटला. आम्हाला वाटत नाही.

हद्द कोणाची, वैद्यकीय आधी की फिर्याद आधी, मॅडम रजेवर आहेत, उद्या या: टेबलावरची ही उत्तरे बेकायदा आहेत. हद्द नसली तरी शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवावाच लागतो. अशा गुन्ह्याची खबर नोंदवून न घेणाऱ्या लोकसेवकाला न्याय संहितेच्या कलम १९९ खाली किमान सहा महिने, कमाल दोन वर्षे सक्तमजुरी आहे. हे कलम राज्यात किती अंमलदारांवर लावले, तो आकडा गृह विभागाने जाहीर करावा. गुन्हा कळल्यापासून चोवीस तासांत पोलिसांनी बाल कल्याण समितीला (मुलांच्या काळजी व संरक्षणाचे निर्णय घेणाऱ्या जिल्हा समितीला) आणि विशेष न्यायालयाला कळवायचे असते. पोलिसांचे ते पत्र बऱ्याचदा टपालाने जाते आणि समितीच्या पुढच्या बैठकीत उघडले जाते. आरोपी त्याच घरात राहत असेल तर मुलाला चोवीस तासांत समितीपुढे हजर करायचे आणि त्याला घरी ठेवायचे की बाहेर काढायचे हे समितीने तीन दिवसांत ठरवायचे, असा नियम आहे. टपालाच्या चार दिवसांत मूल आरोपीसोबत जेवते, झोपते. नंतर जबाब फिरला की आपण त्याला फितूर म्हणतो.

दुसरी जागा जबाबाची भाषा, आणि हिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जाते. पाच वर्षांच्या मुलीच्या तोंडी फिर्यादीत लिहिलेले असते: 'सदर इसमाने माझ्या मनास लज्जा उत्पन्न होईल असे वर्तन केले.' कुठली पाच वर्षांची मुलगी असे बोलते? ती म्हणाली असेल, 'काकानं शूच्या जागी हात लावला, मग बोट घातलं, दुखलं.' या एका वाक्यात पोक्सोच्या कलम ३ चा गुन्हा पुरा होतो. 'लज्जा'वाल्या वाक्यात तो नाहीसा होतो. पुढे न्यायालयात मूल आपल्या भाषेत बोलते आणि बचावाचा वकील फिर्याद उघडून दाखवतो: हे तर पोलिसांना सांगितलेच नव्हते. कायद्याच्या भाषेत याला वगळणूक म्हणतात आणि त्यावर आरोपी सुटतो.

शिवाय मूल एकच गोष्ट किती वेळा सांगते ते मोजा. आईला, ठाण्यात, पुरवणी जबाबात, डॉक्टरला, समितीला, दंडाधिकाऱ्यापुढे, शेवटी न्यायालयात. सात वेळा सांगितलेल्या गोष्टीत फरक पडतोच, मोठ्यांच्याही पडतो. कायदा सांगतो की जबाब मुलाच्या घरी किंवा ते म्हणेल तिथे घ्यावा, होईल तेवढे उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, साध्या कपड्यांत, विश्वासातल्या माणसाच्या समोर, मूल जसे बोलले तसा, आणि शक्य तिथे चित्रीकरण करून. मूल रात्री ठाण्यात ठेवायचे नाही. आमची सूचना साधी आहे. पहिलाच जबाब चित्रित करा, प्रश्न आणि उत्तर दोन्ही लिहा, मुलाचे शब्द अवतरणात ठेवा. 'त्याने तुझ्या इथे हात लावला ना?' असा उत्तर पढवणारा प्रश्न नको. 'मग काय झालं?' एवढेच विचारा. शरीराच्या भागाला मूल जो शब्द वापरते तोच लिहा आणि चित्रावर बोट ठेवून तो कोणता भाग ते नोंदवा. गोंडी, कोरकू, भिली, पावरी बोलणाऱ्या मुलांसाठी दुभाष्यांची जिल्हावार यादी लागेल. मुलाला भाषा कळत नसेल तर दुभाषा देणे कलम १९ नुसार बंधनकारक आहे, पण ऐनवेळी मिळतो तो बहुधा गावातलाच कोणी, म्हणजे आरोपीच्या ओळखीचा.

तिसरी जागा दवाखाना. वैद्यकीय तपासणीसाठी फिर्याद नोंदलेली असण्याची गरज नाही. पोलिसांचे पत्र आणा असे डॉक्टरला म्हणता येत नाही. उपचार मोफत आणि तातडीने द्यायचे आहेत. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि २८ दिवस चालतात. वयात आलेल्या मुलीला गर्भनिरोधक गोळीही जितक्या लवकर तितकी चांगली. नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेता येतात, म्हणून 'मॅडम उद्या येतील' या वाक्याची किंमत थेट पुराव्यात मोजली जाते.

नमुने घेतले तरी ते वाया कसे जातात? ओला स्वॅब तसाच नळीत बंद केला, अंगावरचे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत भरले की दोन दिवसांत बुरशी येते आणि डीएनए नष्ट होतो. स्वॅब आणि कपडे सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवायचे, रक्त थंड पेटीत. गर्भपात करावा लागला तर गर्भाचा नमुना सलाइनमध्ये बर्फावर द्यायचा; फॉर्मलिनमध्ये बुडवला की डीएनए चाचणीसाठी तो निरुपयोगी ठरतो आणि सगळ्यात भक्कम पुरावा हातचा जातो. हे एका पानाचे काम आहे: प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या तपासणी खोलीत भिंतीला चिकटवा. त्याच पानावर आणखी दोन ओळी छापा. एक, दोन बोटांची चाचणी करायची नाही; सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती गैरवर्तन ठरवली आहे. दुसरी, 'जखम आढळली नाही' एवढेच लिहून थांबायचे नाही. मुलांच्या बहुतेक प्रकरणांत जखम नसतेच, आणि जखम नसणे म्हणजे अत्याचार झाला नाही असे नव्हे, हे मत डॉक्टरने स्वतःच्या सहीने लिहायचे. ते नसेल तर तीन वर्षांनी साक्षीला बदलून आलेला दुसरा डॉक्टर फक्त कागद वाचून दाखवतो.

पुढे मुद्देमाल. सील केलेली पाकिटे न्यायवैद्यक प्रयोगशाळेत किती दिवसांनी पोहोचली, वाटेत कोणाच्या ताब्यात होती, ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत शीतकपाट होते का, याची उत्तरे नसली की रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, म्हणजे सीए रिपोर्ट, चांगला येऊनही उपयोग होत नाही. तपास दोन महिन्यांत पुरा करावा असे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, सांगतो, म्हणून दोषारोपपत्र वेळेत जाते, पण बरेचदा सीए रिपोर्टशिवाय. 'रिपोर्ट येणे बाकी' हे तीन शब्द मग पुढच्या कित्येक तारखांच्या रोजनाम्यात फिरत राहतात.

वयाच्या पुराव्याबद्दल. मूल अठरा वर्षांखालचे आहे हे सिद्ध झाले नाही तर पोक्सो कोसळतो, आणि हे काम तपासात सगळ्यात आळसाने होते. शाळेतून बोनाफाईड आणायचा, फायलीला लावायचा, झाले. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये क्रम ठरलेला आहे: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा परीक्षा मंडळाचे प्रमाणपत्र, ते नसल्यास नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच हाडांची चाचणी. नुसता शाळा सोडल्याचा दाखला पुरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले. म्हणजे पहिल्या आठवड्यातच जन्मनोंदीचा उतारा मागवायचा, शाळेचे जनरल रजिस्टर जप्त करून मुख्याध्यापकाचा जबाब घ्यायचा, आणि ती तारीख शाळेत कोणी, कशाच्या आधारावर सांगितली हे त्यात यायला हवे. एका हवालदाराचे दोन दिवसांचे काम. ते न झाल्याने दहा वर्षांची शिक्षा अपिलात रद्द होते.

आता न्यायालय. पोक्सोचे कलम ३५ म्हणते: न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष, आणि एका वर्षात खटल्याचा निकाल. या तीस दिवसांवरच आमचा सगळा भर आहे. सहा वर्षांची मुलगी नवव्या वर्षी साक्षीला आली की दोन गोष्टी झालेल्या असतात: तिला ती घटना विसरायची आहे आणि घराने ती विसरायचे ठरवले आहे. उशिराची कारणे क्षुल्लक आहेत. आरोपीला तुरुंगातून आणायला पोलीस पथक मिळाले नाही. आरोपीचा वकील हजर नाही. दोषमुक्तीचा अर्ज प्रलंबित. समन्स बजावले नाही, कारण कुटुंब ऊसतोडीला गेले. सरकारी अभियोक्त्याकडे त्याच दिवशी आणखी दोन कोर्टे.

यातल्या बहुतेक गोष्टी शासनाच्या हातात आहेत. मुलाच्या साक्षीसाठी सीए रिपोर्टची वाट पाहायचे कारण नाही. तो नंतर दाखल होऊ शकतो. आरोपीची हजेरी तुरुंगातून दूरदृश्य प्रणालीने घेता येते, तेवढीच पडद्याची सोयही होते, कारण मुलाला आरोपी दिसू द्यायचा नाही असे कलम ३६ बजावते. पोक्सो न्यायालयाला अभियोक्ता पूर्णवेळ आणि फक्त त्याच कोर्टाचा हवा. १०० पेक्षा जास्त खटले असलेल्या जिल्ह्यांत केवळ पोक्सोचे न्यायालय उभारा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच दिला. पण दारावर 'विशेष न्यायालय' अशी पाटी लावून आत त्याच न्यायाधीशांकडे सत्र खटले, जामीन आणि अपघात दावे ठेवले तर फक्त पाटी विशेष राहते.

साक्षीच्या दिवसाबद्दलही थोडे. मुलाला प्रश्न वकिलाने नाही, न्यायाधीशांनी विचारायचे असतात. वकिलाने प्रश्न न्यायालयाकडे द्यायचे. हे कलम ३३ मध्ये आहे आणि सर्रास मोडले जाते. दुर्बल साक्षीदारांसाठी वेगळी साक्ष केंद्रे उभारण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने ज्या निकालांत दिले, ती दोन्ही प्रकरणे महाराष्ट्रातून गेलेली. केंद्राला वेगळे प्रवेशद्वार आणि वेगळे शौचालय नसेल तर भिंतीवर कितीही फुलपाखरे रंगवा, मूल जिन्यात आरोपीच्या आईला भेटणारच.

या सगळ्या वाटेवर मुलाचा हात धरणारे पद कायद्यात आहे: सपोर्ट पर्सन. २०२० च्या नियमांनुसार बाल कल्याण समिती तो नेमते. तो तारीख सांगतो, कोर्टाची खोली आधी दाखवून आणतो, नुकसानभरपाईचा अर्ज भरायला लावतो, घरात दाब वाढला तर समितीला कळवतो. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या पदाची गरज तपशिलाने मांडली. त्याचे मानधन कुशल कामगाराच्या किमान वेतनापेक्षा कमी नसावे असा नियम आहे. प्रत्यक्षात जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे यादी अपुरी, बिले थकलेली, आणि नेमणूक साक्षीच्या आदल्या आठवड्यात. तोवर कुटुंबाने ठरवून टाकलेले असते.

पैशाचेही तसेच. कमावता माणूसच आरोपी असेल तर पहिल्या आठवड्यात घरात किराणा नसतो. २०२० च्या त्याच नियमांतल्या नियम ८ खाली समितीने शिफारस केली की अन्न, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी एका आठवड्यात रक्कम द्यायची आहे. ही तरतूद बऱ्याच कार्यालयांत ऐकूनही माहीत नसते. सगळे मनोधैर्य या राज्याच्या अर्थसहाय्य योजनेचा अर्ज दाखवतात, आणि तो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या बैठकीची वाट पाहत पडून असतो. विशेष न्यायालय अंतरिम भरपाई फिर्यादीनंतर केव्हाही देऊ शकते आणि शासनाने ती आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत भरायची असते. आरोपीकडून आलेला तडजोडीचा पैसा आणि शासनाचा पैसा यांत आधी कोणता पोहोचतो, यावर बऱ्याच साक्षी ठरतात.

शाळांबद्दल शिक्षण विभागाने बदलापूरनंतर कॅमेऱ्यांचा हुकूम काढला. कॅमेरे लावा, हरकत नाही. पण बहुतेक अत्याचार घरात किंवा ओळखीच्या माणसाच्या घरात होतात, तिथे कॅमेरा नाही. शाळेतही डीव्हीआरवरचे (चित्रण साठवणाऱ्या यंत्रावरचे) चित्रण काही दिवसांत पुसले जाऊन त्यावर नवे चढते. तक्रार आल्या दिवशी डीव्हीआर जप्त करून साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र, भाग अ आणि भाग ब, हॅश मूल्यासह (चित्रणात फेरफार झाला नाही हे दाखवणाऱ्या सांकेतिक क्रमांकासह) घेतले नाही तर ते चित्रण पुराव्यात येत नाही. सफाई, व्हॅन आणि कॅन्टीनची माणसे कंत्राटदाराची असतात आणि त्यांच्या पोलीस पडताळणीची जबाबदारी शाळा त्याच्यावर ढकलते. नियम संस्थेला बांधील धरतो. अर्थात पडताळणीत जुना गुन्हा असेल तरच काही सापडते, म्हणून तिच्यावर फार भिस्त नको.

संस्थेने दडवले तर पोक्सोच्या कलम २१ खाली प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वसतिगृहातील आदिवासी मुलींच्या प्रकरणात, माहिती असून न कळवल्याचा डॉक्टरवरचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो पुन्हा उभा केला. तेव्हापासून सबब नाही. प्रत्येक दोषारोपपत्रात संस्थेला कधी कळले आणि तिने कधी कळवले, या दोन तारखा लिहायला लावा. कलम २१ आपोआप लागेल.

एक कबुलीही द्यायला हवी, कारण ती टाळून आकडे समजत नाहीत. पोक्सोच्या गुन्ह्यांत सोळा ते अठरा वयाच्या, आपखुशीने एकत्र पळून गेलेल्या जोडप्यांची प्रकरणे बरीच असतात. मुलीचे वडील फिर्याद देतात, मुलगी न्यायालयात मुलाच्या बाजूने बोलते, आरोपी सुटतो आणि शिक्षेचे प्रमाण खाली येते. विधी आयोगाने सप्टेंबर २०२३ च्या २८३ व्या अहवालात संमतीचे वय खाली आणू नका, पण अशा प्रकरणांत न्यायाधीशाला शिक्षेबाबत मोकळीक द्या, असे सुचवले. आम्हालाही ते पटते. तोवर किमान आकडेवारीत ही प्रकरणे वेगळी दाखवा. आणि मुलग्यांवरील अत्याचारांचीही वेगळी दाखवा. पोक्सो मुलगा-मुलगी भेद करत नाही, ठाण्यातले लोक मात्र मुलग्याच्या तक्रारीवर अजून हसतात.

आमची मागणी एका तक्त्याची आहे. प्रत्येक जिल्ह्याने दरमहा, नावाशिवाय, गावाशिवाय, फक्त गुन्ह्यांच्या संख्येने पुढील गोष्टी प्रसिद्ध कराव्यात: किती प्रकरणांत चोवीस तासांत समितीला कळवले, किती मुलांचा पहिला जबाब चित्रित झाला, मुद्देमाल सरासरी किती दिवसांत प्रयोगशाळेत पोहोचला आणि सीए रिपोर्ट किती दिवसांनी आला, किती प्रकरणांत पंधरा दिवसांत सपोर्ट पर्सन नेमला, अंतरिम भरपाईची रक्कम खात्यात किती दिवसांनी पडली, आणि किती मुलांची साक्ष तीस दिवसांत झाली, किती जणांची वर्षानंतर. नवा कायदा लागत नाही, नवे पद लागत नाही. या सगळ्या तारखा ठाण्याच्या, समितीच्या आणि कोर्टातल्या पैरवी अधिकाऱ्याच्या (खटल्याचा पाठपुरावा करणाऱ्या पोलिसाच्या) नोंदवहीत आजही आहेत. येत्या अधिवेशनात हा तक्ता सभागृहाच्या पटलावर ठेवा, आणि तीस दिवसांच्या रकान्यात जो जिल्हा तळाला असेल, त्याच्या पोलीस अधीक्षकांना आणि जिल्हा सरकारी अभियोक्त्यांना एकत्र बोलावून एकेक फाईल उघडा.

आपले,
पोक्सो खटल्यांत काम करणारे वकील, डॉक्टर, समुपदेशक आणि सपोर्ट पर्सन